तेलाआधी फडकं

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेला आणि तिकडं निपाणीत हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना जी लहान-मध्यम वर्कशॉपं आहेत, त्यांतल्या कित्येकांचं पोट अजून जुन्या लेथवर चालतं. एकसारखे हजार जॉब काढायचे तर सीएनसी हवं, हे खरंच. पण ट्रॉलीचा एकच हब आला, पंपाचा एकच शाफ्ट आला, गुऱ्हाळाच्या चरकाची लाट टोकाला झिजून आली, की टर्नर जुन्या लेथचाच चक उघडतो. ही यंत्रं कधी हरिहरच्या किर्लोस्करची असतात, कधी बंगळूरच्या एचएमटीची, कधी कोइमतूरच्या पीएसजीची, नाहीतर राजकोट-बटाल्याकडून आलेली. दोन-तीन मालक बघितलेली, दोन-तीनदा रंगवलेली. कंपनीनं यंत्राबरोबर दिलेलं तेलाचं कोष्टक पहिल्या मालकाच्या कपाटातच राहिलेलं असतं. ज्यांच्याकडं ते हरवलं आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे.

या भागात लेथविषयी मराठीत लिहायचं, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, 1869 सालचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायचे. 1888 मध्ये किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान बेळगावात निघालं. पुढं नोकरी सोडून लक्ष्मणराव स्वतः इथं आले. कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर इथंच तयार झाले. मग बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलच्या माळावर जमीन दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. 1941 मध्ये याच घराण्याची म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रं बनवणारी कंपनी हरिहरला उभी राहिली. तिचे ‘एंटरप्राइज’ आणि ‘टर्नमास्टर’ लेथ पुढं बेळगावच्या शेडांमध्ये येऊन बसले. ज्या गावातून कारखाना उठला, त्या गावानं त्याच घराण्याची यंत्रं हमरस्त्यानं परत आणली, असा हा प्रकार. आज हरिहरचा तो कारखाना बंद आहे. म्हणजे हाफनट झिजला तर मूळ कंपनीचा नवा मिळेल, या भरवशावर राहता येत नाही. तो गनमेटलमध्ये ओतून घ्यावा लागतो. निगेचा विचार इथूनच सुरू होतो.

जुना लेथ कशानं संपतो, याबद्दल बऱ्याच जणांची समजूत चुकीची असते. वयानं तो संपत नाही. बेडचं जुनं ओतकाम मुरलेलं असतं, त्यातले आतले ताण केव्हाच निघून गेलेले असतात. या बाबतीत पन्नास वर्षांचा बेड नव्यापेक्षा भरवशाचा. कामानंही तो लवकर संपत नाही. तो संपतो एका ठराविक जागी. टेलस्टॉककडच्या टोकाला बेडवर नख फिरवून बघावं, तिथं कधीकधी मूळच्या स्क्रेपिंगच्या खुणासुद्धा शाबूत असतात. मग चकसमोरच्या फूट-दीड फुटात बघावं. सगळे छोटे जॉब तिथं होतात, सॅडल दिवसभर तेवढ्याच पट्ट्यात मागेपुढे करतं, आणि सगळा भुसाही तिथंच पडतो. लेथ म्हातारा झाला, असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात त्याचा एवढाच पट्टा म्हातारा झालेला असतो.

ही झीज जॉबवर कशी उतरते, हे समजून घेण्यासारखं आहे. टूल सरळ खाली गेलं तर व्यासात फारसा फरक पडत नाही. 20 मिलिमीटर व्यासाच्या जॉबवर टूल 0.1 मिलिमीटर खाली बसलं तर व्यास जेमतेम एक मायक्रॉननं वाढतो, तो कुणाच्या मायक्रोमीटरवर दिसणारही नाही. पण बेडच्या दोन्ही पट्ट्या सारख्या झिजत नाहीत. टर्नरच्या बाजूची पट्टी जास्त झिजते, कारण एप्रनचं वजन आणि कापण्याचा जोर तिच्यावर येतो. तिथं सॅडल टर्नरकडं झुकतं आणि त्याबरोबर वर बसलेलं टूल जॉबपासून बाहेर सरकतं. सेंटरची उंची 200 मिलिमीटर आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर 300 मिलिमीटर धरा. पुढची पट्टी 0.1 मिलिमीटर झिजली, तर टूल सुमारे 0.067 मिलिमीटर बाहेर येतं आणि व्यासावर ते दुप्पट होऊन 0.13 मिलिमीटर दिसतं. बेअरिंग बसवायच्या शाफ्टला एवढी चूक म्हणजे जॉब भंगारात. टर्नर बिचारा टेलस्टॉक हलवून टेपर काढायला बघतो, आणि दोष असतो सॅडलखाली.

आता आपल्या भागाची खास अडचण, बिडाची. बेळगाव हे फाउंड्रीचं गाव आहे. अशोक आयर्न वर्क्ससारखी मोठी नावं सोडली तरी गल्लीबोळातून कास्टिंग येत असतं, आणि शेजारचं कोल्हापूर तर या धंद्यात आपल्याही पुढं. पोलाद कापलं की लांब वेटोळी निघतात, ती आकड्यानं ओढून काढता येतात. बिडाचा मात्र भुसा पडतो आणि भुशाबरोबर काळी पूड उडते. पुडीत ग्राफाइट असल्यामुळं ती बोटाला मऊ, तेलकट लागते. बिडाला वंगण लागत नाही, त्याचं तेच वंगण आहे, अशी एक समजूत वर्कशॉपांत ऐकू येते ती यावरूनच. कापताना ती थोडीफार खरी आहे. बीड कोरडंच कापतात. बेडच्या बाबतीत ती घातक आहे. कारण कास्टिंगच्या पहिल्या कटात, त्या काळ्या कातड्याबरोबर, साच्याची वाळू सुटते. वाळू म्हणजे सिलिका, आणि जुन्या लेथच्या कडक न केलेल्या बेडपेक्षा ती पुष्कळ कठीण. ती पूड तेलात कालवली की इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना मेकॅनिक जी लॅपिंग पेस्ट लावतो, तसलाच माल तयार होतो. तो आपल्या हातानं सॅडलखाली जातो.

म्हणून बिडाचं काम करणाऱ्यांनी तेलाचा डबा उचलण्याआधी फडकं उचलावं. पुस्तिकेतलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नये. घाण बेडवर तेल ओतणं हे कोरडा बेड चालवण्यापेक्षाही कधीकधी वाईट, कारण कोरड्या बेडवरचा भुसा निदान खाली पडतो, तेलकट बेडवरचा चिकटून राहतो. आधी ब्रशनं भुसा खाली ओढायचा, मग फडक्यानं पट्टी कोरडी पुसायची, मग नवं तेल, मग सॅडल पूर्ण लांबीभर एकदा हातानं चालवायचं आणि त्यापुढं जी काळी रेघ जमते ती पुन्हा पुसायची. कास्टिंगचं कातडं काढायचं असेल तेव्हा चकजवळच्या बेडवर पत्रा किंवा जाड कापड टाकावं. फक्त ते चकमध्ये किंवा लीड स्क्रूत गुंतणार नाही असं बांधलेलं हवं.

हवेच्या नळीनं लेथ साफ करायची सवय तर बंदच करावी. दिसायला झटपट स्वच्छ दिसतं, पण नळी भुसा बाहेर काढते त्यापेक्षा जास्त वाइपरखाली, क्रॉस स्लाइडच्या फटीत आणि स्पिंडलच्या तोंडात ढकलते. वाइपर म्हणजे सॅडलच्या टोकाला पत्र्याखाली दाबलेली नमद्याची पट्टी. कित्येक लेथवर ती आहे हेच कुणाच्या ध्यानात नसतं. वर्षानुवर्षं तिच्यात लोखंडाची पूड रुतून ती दगडासारखी घट्ट होते आणि मग पुसण्याऐवजी कानशीसारखी बेड घासत राहते. दोन स्क्रू सोडून पट्टी काढावी, रॉकेलमध्ये धुवावी, कोरडी करून तेलात भिजवून लावावी. धुऊनही मऊ होत नसेल तर नवी कापून घालावी.

तेल कोणतं, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. दुकानात ‘68 नंबर’ मागितलं की मिळतं ते सहसा हायड्रॉलिक तेल असतं : सर्वो सिस्टिम 68, एन्क्लो 68, असल्या नावांचं. हा 68 म्हणजे 40 अंश सेल्सिअसला तेल किती जाड, याचा सेंटीस्टोक्समधला आकडा. पाण्याचा आकडा त्याच तापमानाला एकाच्याही आत असतो. नंबर एक असला म्हणजे तेल एक झालं, असं मात्र नाही. बेडसाठी स्लाइडवेचं वेगळं तेल मिळतं. मोबिल व्हॅक्ट्रा नंबर 2 हे त्यातलं जुनं नाव, तेही 68 जाडीचंच. त्यात चिकटपणा आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळं ते उभ्या पट्टीवरून ओघळत नाही आणि कूलंटनं लगेच धुतलं जात नाही. सॅडल अगदी हळू चालताना साधं तेल पट्ट्यांमधून पिळून निघतं. मग सॅडल अडतं, उडी मारतं, पुन्हा अडतं, आणि जॉबवर लाटा उमटतात. स्लाइडवेचं तेल हे थांबवतं. दोनच डबे परवडत असतील तर हेडस्टॉकला प्लेटवर लिहिलेल्या जाडीचं हायड्रॉलिक तेल आणि बेडला स्लाइडवेचं तेल, एवढं पुरतं. प्लेट रंगाखाली गेली असेल तर तिथं रंग उतरवण्याचा खर्च तेलाच्या कुठल्याही खर्चापेक्षा आधी करावा.

जळक्या ऑइलबद्दल माझं मत सौम्य नाही. ट्रकच्या इंजिनातून काढलेलं काळं तेल लेथवर ओतणं ही काटकसर नव्हे. त्यात काजळी, इंधनाचा अंश, आम्ल आणि इंजिनाचीच झिजलेली धातूची पूड असते. नवं इंजिन ऑइलसुद्धा हेडस्टॉकला योग्य नाही, आणि याचं कारण सहसा कुणी सांगत नाही. इंजिन ऑइलमध्ये घाण तरंगत ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात, कारण इंजिनाला फिल्टर असतो आणि घाण तिथवर पोचवायची असते. जुन्या लेथच्या हेडस्टॉकला बहुधा फिल्टर नसतो. तिथं घाण तळाला बसली पाहिजे. इंजिन ऑइल तिला गिअरमध्ये फिरवत ठेवतं. डिफरन्शियलचं गिअर ऑइलही नको. त्यातलं गंधक गनमेटलच्या नट-बुशांना खातं. आणि हे सगळं ज्या गावात चालतं, त्या बेळगावचं नाव पॉलिहायड्रॉनसारख्या कारखान्यांमुळं हायड्रॉलिक्समध्ये देशभर घेतलं जातं! व्हॉल्व्हचा स्पूल काही मायक्रॉनच्या फटीत चालतो, म्हणून तेल बारीक गाळण्यांतून गाळणारी आपण माणसं. तेच तेल लेथला देताना मात्र झाकण नसलेल्या डब्यातून, वर भुसा तरंगत असताना.

ग्रीसगनही लेथपासून लांब ठेवावी. सॅडलवर आणि टेलस्टॉकवर छोटी गोळी असलेली जी तोंडं असतात, ती तेलाची आहेत. एकदा कुणी त्यांत ग्रीस कोंबलं की आतली अरुंद वाट बुजते, पुढं कितीही तेल दिलं तरी ते पट्टीपर्यंत पोचत नाही, आणि तोंडाशी ग्रीस दिसत असल्यामुळं सगळे निर्धास्त राहतात. चकच्या आतल्या स्क्रोललाही ग्रीस नको, भुसा धरून ठेवतं. हलक्या तेलाचा थेंब पुरे. ग्रीस लागतं ते कंपनीनं सांगितलेल्या मोजक्या जागी, एंड गिअरच्या दातांवर किंवा मोटरच्या बेअरिंगला.

स्पिंडलचा विषय वेगळा आहे आणि त्याला पुढं स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. इथं एवढंच सांगतो की अजून काही शेडांत पट्ट्यावर चालणारे, बुशवर फिरणारे जुने लेथ आहेत. त्यांचं स्पिंडल तेलावर अक्षरशः तरंगतं. फिरणारा दांडा तेलाला स्वतःखाली ओढतो, तिथं पाचरीसारखा दाब तयार होतो आणि धातूला धातू लागत नाही. तेल फार जाड असलं तर बुश तापतं, फार पातळ असलं तर पाचर टिकत नाही. आणि ठिबक बंद झाली तर सुरुवातीची काही मिनिटंच बुश खायला पुरतात. अशा लेथला सकाळी मोटर चालू करण्याआधी तेल द्यायचं असतं. बेअरिंगच्या लेथला एवढी घाई नसते, पण काचेतली तेलाची पातळी बघायला लागणारा क्षणभराचा वेळ तिथंही द्यावा. काचही कधी फसवते : आतून तेलाचा पिवळा डाग बसला की रिकाम्या हेडस्टॉकमध्येही पातळी दिसत राहते.

गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात त्या बेळगावात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. रात्रीत गार झालेल्या बेडवर सकाळची दमट हवा घाम सोडते आणि चहा येईस्तोवर तांबूस पापुद्रा दिसतो. पाण्यात मिसळायचं कूलंट वापरणाऱ्यांना हे जास्त भोवतं, कारण दुधाळ पाणी बेडवरचं तेल धुऊन नेतं. संध्याकाळी पुसून तेलाचा हात मारावा, सॅडल टेलस्टॉककडं नेऊन ठेवावं, आणि ओलं कास्टिंग किंवा भिजलेलं पोतं बेडवर ठेवू नये. हेडस्टॉकच्या काचेत तेल पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. यंत्र रात्रभर थांबलं की ते तळाला बसतं. सकाळी चालू करण्याआधी खालचा प्लग किंचित ढिला करून आधी पाणी जाऊ द्यावं.

आणि मग येते खंडेनवमी. सीमाभागात मराठी घर असो की कन्नड, त्या दिवशी यंत्राची पूजा चुकत नाही. वर्षातून एकदा तरी लेथ पूर्ण धुतला जातो, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या रीतीनं धुतला जातो तिनं नुकसान होतं. डिझेलचा फवारा मारून सगळी घाण फटीत लोटतात. मग हौसेनं रंग काढतात, आणि पोऱ्या ब्रश फिरवताना तेलाची तोंडं, प्लेट, काचेची कडा सगळं रंगवून मोकळा होतो. नारळ फोडला की पाणी बेडवर उडतं, त्यावर हळदकुंकू. दसऱ्यापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही म्हणून ते तसंच राहतं. तेरवा उघडलं की बेडवर कायमचे डाग. श्रद्धेला माझी हरकत नाही, नारळ बेडपासून चार हात लांब फोडावा एवढंच. उलट मी म्हणेन की हेडस्टॉकचं तेल बदलायला याहून चांगला मुहूर्त नाही : पावसाळा नुकताच संपलेला, आत साचलेलं पाणी काढायचंच असतं, साखर कारखान्यांचा हंगाम अजून पेटलेला नसतो, आणि यंत्र दोन दिवस बंद राहणारच असतं. तेल गरम असताना, म्हणजे शेवटच्या पाळीनंतर लगेच काढावं, तळाचा गाळ फडक्यानं पुसून घ्यावा आणि त्यात पितळी रंगाची चमक दिसते का ते बघावं. दिसली तर कुठलं तरी बुश जातंय.

एवढी साधी कामं होत का नाहीत, याचं उत्तर तांत्रिक नाही. टर्नरला बऱ्याच ठिकाणी नगावर पैसे मिळतात. पुसण्यात आणि तेल देण्यात गेलेली दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात आणि वाचलेला बेड मालकाचा असतो. दोन पाळ्या असल्या तर रात्रीचा म्हणतो सकाळच्यानं दिलं असेल, सकाळचा म्हणतो रात्रीच्यानं पुसलं असेल. मालकांनी ही दहा मिनिटं मजुरीत धरावीत. त्याशिवाय भिंतीवर कितीही कोष्टकं चिकटवली तरी ती भुशानं काळी होऊन पडतील, ही पुस्तिकासुद्धा.

तेलानं काय होणार नाही, हेही आधीच सांगून टाकावं. झिजलेला बेड तेलानं भरत नाही. चकजवळ सॅडल डुलतं म्हणून त्याची बेडवरची पकड आवळली आणि तेच सॅडल टेलस्टॉककडं जाताना जाम झालं, तर त्या बेडला ग्राइंडिंग किंवा स्क्रेपिंगच हवं. क्रॉस स्लाइडचं गिब आवळायच्या बाबतीतही हाच नियम. शेडची फरशी खचून बेडला पीळ बसला असेल, तर मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी लेव्हल आणून पाय आधी ठीक करावेत. आणि काही यंत्रं खरोखर भंगाराच्या लायकीची असतात. तिथं भावनेत अडकू नये.

या विषयावरची मोठी पुस्तकं इंग्रजीत आहेत. अमेरिकेतल्या साउथ बेंड कंपनीनं 1907 पासून लेथ चालवण्याविषयी एक छोटं पुस्तक काढलं, त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, आणि त्यातही तेलाची तोंडं दाखवणारं चित्र आहे. मराठीत कारखान्यातल्या माणसासाठी लिहिण्याची सुरुवात किर्लोस्करवाडीतून 1920 मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’नं केली होती. पुढं ते मासिक साहित्याकडं वळलं, आणि वंगणाबद्दल मराठीत लिहिणारे थोडेच उरले.

पुढचं पान उलटण्याआधी वाचकांनी एक करावं. मुख्य स्विच बंद करून, बाह्या वर सारून, खडूच्या तुकड्यानं आपल्या लेथवरच्या प्रत्येक तेलाच्या तोंडाभोवती गोल काढावा. सॅडल, क्रॉस स्लाइड, एप्रन, टेलस्टॉक, लीड स्क्रूचं मागचं ब्रॅकेट, क्वाड्रंटचे स्टड, यांपैकी जिथं गोल काढायला काहीच सापडलं नाही, तिथं आधी रंग खरवडून बघावा.